डेव्ह गॅलहर : ऑल ब्लॅक्सचा कर्णधार, ईप्रच्या आघाडीवरचा सार्जंट

मृद्गंध

क्रिकेटवर आपल्या या मंचावर धाग्यांची कमी नाही, रग्बीवर मात्र क्वचितच कोणी लिहितं. मी रग्बीकडे वळले ती पहिल्या महायुद्धाच्या वाचनातून. बेल्जियमच्या आघाडीवर मेलेल्यांची नावं वाचताना हा माणूस भेटला आणि गेले काही महिने डोक्यातून जात नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

डेव्ह गॅलहर, न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा म्हणजे 'ऑल ब्लॅक्स'चा कर्णधार. जन्म ३० ऑक्टोबर १८७३, आयर्लंडमधल्या डोनेगॉल परगण्यातलं रॅमेल्टन गाव. वडिलांचं दुकान होतं. १८७८ मध्ये सगळं कुटुंब 'लेडी जोसेलिन' जहाजाने न्यूझीलंडला गेलं. तिथे बे ऑफ प्लेंटी भागात काटिकाटी नावाची वसाहत उभी राहत होती आणि आयर्लंडहून कुटुंबं नेऊन तिथे जमिनी दिल्या जात होत्या. जाहिरातीत वाचलेली जमीन आणि प्रत्यक्ष मिळालेली जमीन यांत फार अंतर होतं. वडिलांचं वय झालेलं, शेतीची सवय नाही. घर चाललं ते आई मारिया गावच्या शाळेत शिकवत होती म्हणून. १८८७ मध्ये आई कर्करोगाने गेली. डेव्ह तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याची शाळा सुटली आणि तो कामाला लागला. पाठीमागे लहान भावंडांची रांग होती.

पुढे कुटुंब ऑकलंडला आलं. डेव्हने पिठाच्या गिरणीत काम केलं, मग मांस गोठवून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात मजूर म्हणून लागला आणि तिथेच मुकादम झाला. दिवसभर वजन उचलायचं आणि संध्याकाळी रग्बी. १८९५ मध्ये तो पॉन्सन्बी क्लबात दाखल झाला, दुसऱ्या वर्षी ऑकलंड प्रांताच्या संघात आला.

आणि मग १९०१. ऐन खेळायच्या वयात तो बोअर युद्धासाठी दक्षिण आफ्रिकेला गेला, सहाव्या न्यूझीलंड घोडदळाच्या तुकडीतून. भरती होताना वय तीन वर्षांनी कमी सांगितलं. जवळपास दीड वर्षाने, ऑगस्ट १९०२ मध्ये परतला तेव्हा तो स्क्वाड्रन सार्जंट-मेजर होता. युद्ध काय असतं हे त्याने तिथे पाहिलं होतं. पुढच्या सगळ्या गोष्टीत हे विसरू नये असं मला वाटतं.

१५ ऑगस्ट १९०३ रोजी सिडनीत न्यूझीलंड आपला पहिला अधिकृत कसोटी सामना खेळलं. ऑस्ट्रेलियाला २२-३ असं हरवलं. गॅलहर त्या संघात होता. दोन वर्षांनी ब्रिटनच्या दौऱ्यावर जाणाऱ्या संघाचं कर्णधारपद त्याच्याकडे आलं. तो दौरा म्हणजे ३५ सामने, ३४ विजय, एक पराभव, ९७६ गुण केले आणि फक्त ५९ दिले. 'ऑल ब्लॅक्स' हे नाव जगाच्या तोंडी बसलं ते याच दौऱ्यात.

हे सगळं झाल्यावर माणसाने निवांत राहावं. तो राहिलाही. १९०६ मध्ये नेलीशी लग्न केलं, १९०८ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव नोरा ताहातू. खेळणं थांबवून तो ऑकलंडचा प्रशिक्षक आणि देशाच्या संघाचा निवडकर्ता झाला. मे १९१६ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा सैन्यात भरती झाला. ४ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जियममध्ये ईप्र शहराजवळ ब्रूडसाइंडेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा शिरस्त्राण भेदून आत गेला. त्याच दिवशी तो वारला. त्रेचाळीस पूर्ण, चव्वेचाळिसाव्याला महिनाही उरला नव्हता.

थडग्यावरच्या दगडावर वय ४१ लिहिलं आहे.

कोकणकडा

अतिशय सुंदर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. मी कुठेतरी वाचलं होतं की भाऊ मारला गेला म्हणून सूड घ्यायला तो गेला. त्याबद्दल लिहाल का?

मृद्गंध

कोकणकडा, बरं झालं विचारलंत. ही गोष्ट फार ठिकाणी सांगितली जाते आणि ती खरी नाही, हे तारखांवरूनच दिसतं.

धाकटा भाऊ डग्लस ऑस्ट्रेलियात पर्थला राहायचा, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या ११व्या बटालियनमध्ये होता. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत जखमी झाला, बरा होऊन फ्रान्सला गेला आणि ३ जून १९१६ रोजी फ्रोमेलजवळ लावांती इथे मारला गेला. डेव्हने नाव नोंदवलं ते त्याआधी, मे महिन्यात. प्रशिक्षणाचं बोलावणं येण्याची वाट पाहत असताना त्याला भावाची बातमी कळली.

त्याला कोणी बोलावलं नव्हतं, हेही लक्षात घ्या. मे १९१६ मध्ये न्यूझीलंडमध्ये सक्तीची भरती नव्हतीच. तो कायदा ऑगस्टमध्ये आला, आणि आल्यावरही आधी अविवाहितांची नावं निघाली. बायको आणि मूल असलेला बेचाळीस वर्षांचा माणूस घरी बसला असता तर कोणी बोट दाखवलं नसतं.

सुडाची गोष्ट लोकांना आवडते, कारण ती समजायला सोपी आहे. भाऊ गेला, रक्त खवळलं, बंदूक उचलली. पण डेव्ह रक्त खवळल्यामुळे गेला नाही. शांत डोक्याने, युद्ध एकदा भोगून झाल्यावर, लहान मुलगी घरी असताना गेला. मला हे जास्त कठीण वाटतं, आणि त्याच्या आयुष्याबद्दल जास्त खरंही.

स्क्रमहाफ

मुंबईत होतो तेव्हा बरीच वर्षं रग्बी खेळलो आहे, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावरही. त्यामुळे गॅलहरच्या जागेबद्दल थोडं लिहितो. ती जागा आता खेळातच उरलेली नाही.

आज स्क्रममध्ये, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांत खांदे अडकवून रेटतात तेव्हा, दोन्ही बाजूंनी आठ-आठ जण भिडतात. तेव्हा न्यूझीलंडवाले सातच जण लावायचे. पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन. वाचलेला आठवा गडी म्हणजे विंग-फॉरवर्ड. तो स्क्रममध्ये चेंडू टाकायचा आणि तिथेच कडेला थांबायचा. चेंडू मागून बाहेर आला की तो उचलणाऱ्या आपल्या स्क्रम-हाफच्या अंगावर येणाऱ्या विरोधी खेळाडूंच्या वाटेत हा उभा. सगळा मार तोच खाणार. गॅलहर ही जागा खेळायचा. नडगीवर पॅड बांधून उतरायचा, त्याचे फोटो आहेत.

इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी यावरून रान उठवलं. हा अडथळा आहे, फसवणूक आहे, असं दर आठवड्याला छापून येई. प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत. नियमाच्या चौकटीत बसतं की नाही यावर रेफरींचंही एकमत नव्हतं. पुढे १९३२ मध्ये न्यूझीलंडला ही दोन-तीन-दोनची रचना सोडावी लागली.

पण माझ्या मते कर्णधार म्हणून तो मोठा होता तो वेगळ्या कारणासाठी. ब्रिटिश संघांचे पुढचे खेळाडू तेव्हा स्क्रमला जो आधी पोहोचेल तो पुढे, अशा पद्धतीने भिडत. न्यूझीलंडमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाचं काम ठरलेलं. गॅलहर आणि उपकर्णधार बिली स्टेड यांनी चाली बसवल्या, त्या घोटून घेतल्या. सामन्याआधी तासभर प्रत्येकाने शांत बसून पुढच्या खेळाचा विचार करायचा, हा गॅलहरचा नियम होता. १६ सप्टेंबर १९०५ ला एक्झेटरला पहिला सामना झाला, इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्याविरुद्ध ५५-४. तेव्हा ट्रायला (चेंडू विरोधी संघाच्या रेषेपलीकडे टेकवण्याला) आजच्यासारखे पाच नव्हे, तीनच गुण मिळत हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचा. एकट्या बिली वॉलेसचे २८ गुण होते.

पैलतीर

ऑकलंडहून लिहिते. इथे ईडन पार्क स्टेडियमबाहेर गॅलहरचा मोठा कांस्यपुतळा आहे, २०११ च्या विश्वचषकाच्या आधी उभारलेला. आणि इथल्या क्लब रग्बीचं सर्वांत मानाचं पारितोषिक म्हणजे गॅलहर शील्ड. १९२२ पासून चालू आहे, आणि पहिल्याच वर्षी ती त्याच्याच पॉन्सन्बी क्लबाने जिंकली. शनिवारी शाळकरी मुलांचे सामने असतात तिथे हे नाव सारखं कानावर पडतं.

जहाजावरचा प्रसंग मात्र कोणी लिहिला नाही. १९०५ ला संघ 'रिमुताका' जहाजाने निघाला तेव्हा संघात फूट होती. दक्षिणेकडच्या खेळाडूंना वाटत होतं की ऑकलंडवाल्यांनाच झुकतं माप मिळालंय, आणि कर्णधार खेळाडूंनी निवडायचा असतो, वरून लादायचा नसतो. गॅलहरने काय करावं? सरळ राजीनामा पुढे केला. स्टेडनेही केला. व्यवस्थापक जॉर्ज डिक्सन यांनी ते स्वीकारले नाहीत. मग खेळाडूंचं मत घेतलं गेलं, २९ पैकी १७ जण दोघांच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे बारा जणांचा पाठिंबा नसलेला कर्णधार इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि पुढच्या काही महिन्यांत तोच संघ एकजीव झाला. मला स्टेडचंही फार कौतुक वाटतं. दक्षिणेतल्या इन्व्हरकार्गिलचा बूट शिवणारा माणूस, पण गॅलहरच्या पाठीशी शेवटपर्यंत उभा राहिला. आयर्लंडविरुद्धच्या कसोटीत गॅलहर जखमी होता, तेव्हा संघ त्यानेच चालवला.

शब्दवेध

वेल्सच्या सामन्याशिवाय, म्हणजे दौऱ्यातल्या त्या एका पराभवाशिवाय, हा धागा पूर्ण होणार नाही!

१६ डिसेंबर १९०५, कार्डिफ आर्म्स पार्क. न्यूझीलंडने हाका, म्हणजे माओरींचं युद्धनृत्य केलं. त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी आपलं राष्ट्रगीत सुरू केलं आणि सगळं मैदान गायला लागलं. खेळाच्या सामन्याआधी राष्ट्रगीत गाण्याची आजची रीत तिथून आली असं मानतात. वेल्सने स्क्रममध्ये न्यूझीलंडचीच युक्ती वापरली. त्यांनीही सातच जण लावले. स्कॉटिश रेफरी जॉन डॅलस यांनी गॅलहरला चेंडू टाकताना इतक्या वेळा दंड केला की शेवटी त्याने आपल्या खेळाडूंना स्क्रममधला चेंडू जिंकायचा प्रयत्नच सोडायला सांगितलं. टेडी मॉर्गनने ट्राय केला, वेल्स ३-०.

उत्तरार्धात न्यूझीलंडचा बॉब डीन्स रेषेपाशी पोहोचला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने चेंडू रेषेपलीकडे टेकवला आणि मग वेल्सवाल्यांनी त्याला मागे ओढलं. रेफरी मागे राहिला होता, त्याने ट्राय दिला नाही. यावर न्यूझीलंड आणि वेल्समध्ये शंभर वर्षांनंतरही वाद चालू आहे. गॅलहरने मात्र सामन्यानंतर चांगला खेळलेला संघ जिंकला असं सांगितलं आणि विषय वाढवला नाही. डीन्स बिचारा १९०८ मध्येच गेला, चोविसाव्या वर्षी, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर.

धुकं

वेगळं मत मांडते, राग मानू नका.

मला या माणसाच्या खेळाबद्दल आदर आहे. पण नऊ वर्षांचीही झाली नव्हती मुलगी. बाप ठरवून गेला, कोणी ढकललं नव्हतं, हे तुम्हीच सिद्ध केलंत. मग नेलीचं काय? माझे आजोबा लष्करात होते, आजी त्यांच्यामागे चाळीस वर्षं एकटी जगली. आमच्या घरात आजोबांचा फोटो हॉलमध्ये होता, आजीचा कुठेच नव्हता. पुतळे, शील्ड, सन्मान सगळे त्याचे. तिच्या वाट्याला काय आलं?

मृद्गंध

धुकं, राग कसला. हाच प्रश्न मला लिहिताना छळत होता.

नेली त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान होती. तिचा भाऊ आर्थर फ्रान्सिस हाही रग्बीपटू, म्हणजे खेळणाऱ्या माणसांचं घर तिला नवं नव्हतं. ती १९६९ पर्यंत जगली. बावन्न वर्षं. या काळाबद्दल फार थोडं लिहिलं गेलंय आणि ही उणीव मोठी आहे, तुमच्याशी पूर्ण सहमत.

तो का गेला याचं माझ्याकडे एका वाक्यातलं उत्तर नाही. त्याच्या चरित्रकाराने निष्ठा आणि कर्तव्य ही कारणं दिली आहेत. १९१६ पर्यंत ज्या पोरांना त्याने शिकवलं, ज्यांची संघात निवड केली, ती गॅलिपोलीत आणि फ्रान्समध्ये मरत होती. आल्बर्ट डाउनिंग ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोलीत गेला, युद्धात मेलेला तो पहिला ऑल ब्लॅक. दुसऱ्याच दिवशी हेन्री ड्यूअर. हे दोघे १९१३ चे खेळाडू, म्हणजे गॅलहर निवड समितीवर होता तेव्हाचे. ज्याने बोट ठेवून माणसं निवडली त्याला ती नावं मृतांच्या यादीत वाचताना काय झालं असेल? मला वाटतं उत्तर इथे कुठेतरी आहे. पण हे माझं वाटणं आहे, त्याने असं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आणि कुटुंबाचं म्हणाल तर घाव एवढ्यावर थांबला नाही. आणखी एक भाऊ, हेन्री, खाणकामगार, ऑस्ट्रेलियाच्या ५१व्या बटालियनमध्ये होता. तो २४ एप्रिल १९१८ रोजी मारला गेला. हेन्रीचा जुळा भाऊ चार्ल्स गॅलिपोलीत गंभीर जखमी होऊनही वाचला. दोन वर्षांच्या आत एका घरातले तीन भाऊ.

उत्तरवाट

४ ऑक्टोबरच्या लढाईबद्दल थोडं, लष्करी इतिहास हा माझा आवडीचा विषय आहे.

पॅशेनडेल, म्हणजे १९१७ ची ईप्रजवळची मोठी मोहीम, म्हटली की डोळ्यांसमोर चिखल येतो, पण तिच्यातलीच ब्रूडसाइंडेची लढाई तशी नव्हती. सकाळी सहाला हल्ला सुरू झाला. जमीन अजून चालण्यासारखी होती. जर्मनही त्याच पहाटे हल्ला करणार होते. त्यांचे सैनिक पुढे जमलेले असतानाच ब्रिटिश तोफखान्याचा मारा त्यांच्यावर कोसळला. न्यूझीलंडच्या डिव्हिजनने ग्रावेनस्टाफेलची चढण घेतली, हजारावर कैदी पकडले. सेनापतींच्या हिशेबात तो उत्तम दिवस होता. न्यूझीलंडचे तीनशेहून जास्त लोक त्या उत्तम दिवशी मेले, गॅलहर त्यातला एक.

दुपारनंतर पाऊस लागला. या विजयावर विसंबून १२ ऑक्टोबरला पुन्हा हल्ल्याचा हुकूम निघाला. तोफा चिखलात रुतलेल्या, काटेरी तारा न तुटलेल्या. त्या एका दिवसात न्यूझीलंडची आठशेहून जास्त माणसं मेली. त्या देशाच्या इतिहासातला तो सर्वांत काळा दिवस मानतात. तेव्हा अख्ख्या न्यूझीलंडची लोकसंख्या अकरा लाखांच्या आसपास होती.

स्क्रमहाफ

१९०५ च्या दौऱ्यात गॅलहरच्या संघाविरुद्ध उतरलेल्यांची यादी काढून बसलो होतो, ती वाचवत नाही.

डेव्हिड बेडेल-सिव्हराइट, स्कॉटलंडचा कर्णधार, पेशाने डॉक्टर. सप्टेंबर १९१५ मध्ये गॅलिपोलीत रक्तात विष पसरून गेला. बॅसिल मॅक्लियर, आयर्लंडचा, पांढरे हातमोजे घालून खेळायचा. तो मे १९१५ मध्ये ईप्रजवळच गेला. चार्ली प्रिचर्ड त्या प्रसिद्ध सामन्यात वेल्सकडून होता, ऑगस्ट १९१६ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या जखमांनी मेला. एकमेकांना मैदानावर खाली पाडणारी ही माणसं दहा-बारा वर्षांनी एकाच बाजूने लढत एकाच युद्धात संपली.

ऑल ब्लॅक्सपैकी एकूण तेरा जण पहिल्या महायुद्धात गेले. जॉर्ज सेलर्सचं नाव जरूर वाचा. जून १९१७ मध्ये मेसीनच्या लढाईत जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन येताना तो मारला गेला. गॅलहरच्याच प्रांताचा आणि त्याच्याच क्लबाचा, पॉन्सन्बीचा.

सातारकर

आमच्या भागात त्या युद्धातून परत न आलेल्यांच्या आठवणी घराघरात आहेत, म्हणून हा धागा मन लावून वाचला. एक गोष्ट ध्यानात आली. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनने, ज्यात मराठा पलटणीही होत्या, आजच्या इराकमधल्या कुटला २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरणागती पत्करली. गॅलहरने नाव नोंदवलं ते त्याच्या पुढच्याच महिन्यात. एकाच साम्राज्याची माणसं, पण एकाचं वय, लग्न, गुणसंख्या सगळं लिहून ठेवलेलं आणि आमच्या लोकांचं गावाचं नावसुद्धा कागदोपत्री धड नाही. गॅलहरला मिळालेला मान योग्यच आहे. तसा थोडा आपल्यांच्या वाट्याला यावा एवढंच वाटतं.

उत्तरवाट

सातारकर, तुमचं म्हणणं अगदी पटलं. ईप्रच्या मेनिन गेटवर, थडगं नसलेल्या सैनिकांच्या स्मारकावर, जिथे मॅक्लियरचं नाव कोरलं आहे, तिथे भारतीय सैनिकांचीही नावं आहेत. १९१४ च्या ऑक्टोबरात लाहोर डिव्हिजनचे लोक तिथे जवळच लढले. खुदादाद खान यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो होलेबेकेच्या लढाईसाठी. कुटवर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच. माझ्याकडे पलटणींची काही टिपणं आहेत, व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

कोकणकडा

एक शंका. पुढच्या वर्षी ब्रुसेल्सला मुलाकडे जाणार आहोत. थडग्यापाशी जाता येतं का? आणि न्यूझीलंड-फ्रान्स सामन्यांत जो गॅलहर चषक असतो तो याच्याच नावाचा का?

मृद्गंध

हो, त्याच्याच नावाचा. तो चषक २००० साली सुरू झाला, पहिला सामना ११ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये, म्हणजे युद्धविरामाच्या दिवशी. न्यूझीलंडने ३९-२६ असा जिंकला. गॅलहरचा फ्रान्सशी धागा जुना आहे. १ जानेवारी १९०६ रोजी फ्रान्स आपला पहिलावहिला कसोटी सामना खेळलं ते त्याच्या संघाविरुद्ध.

थडगं पोपरिंगेच्या पश्चिमेला 'नाइन एल्म्स' स्मशानभूमीत आहे. तिथे तेव्हा ऑस्ट्रेलियाचं तिसरं जखमी-उपचार केंद्र होतं, त्याला तिथेच आणलं होतं. दीड हजारांहून जास्त थडगी आहेत, त्याचा क्रमांक ३२, दगडावर न्यूझीलंडचं नेचाचं पान कोरलेलं. कोणीही जाऊ शकतं. ब्रुसेल्सहून रेल्वेने कोर्ट्राइक, ईप्रमार्गे पोपरिंगे, तेच शेवटचं स्टेशन. ईप्रला उतरून मेनिन गेट पाहा. तिथे रोज संध्याकाळी आठला बिगुल वाजतो, म्हणून संध्याकाळ ईप्रसाठी राखा आणि पोपरिंगे सकाळीच उरका. तिथून स्मशानभूमीपर्यंत सायकलने जाणं सोपं पडेल.

पैलतीर

कोकणकडा, आयर्लंडला जाणार असाल तर डोनेगॉलमध्ये लेटरकेनी क्लबाचं मैदानही गॅलहरच्या नावाचं आहे. २००५ मध्ये ऑल ब्लॅक्सचे खेळाडू त्या कार्यक्रमाला गेले होते, कर्णधार टाना उमागाही होता. रॅमेल्टन तिथून जवळच आहे.

कोकणकडा

दोघींचे आभार. तिकिटं झाली की कळवतो. सातारकर, कुटच्या धाग्याची वाट बघतोय.